नऊ नंबरच्या खोलीची भाजी

कुंभोजकर मॅडमना फ्रान्सला यायचंच नव्हतं. कॉलेजातल्या तीन प्राध्यापकांनी काहीबाही कारणं सांगून अंग काढून घेतलं, तेव्हा दौऱ्याची फाईल फिरत फिरत त्यांच्या टेबलावर येऊन थांबली. हेमलता कुंभोजकर कशालाच नाही म्हणत नाहीत, हे सांगलीजवळच्या त्या कृषी महाविद्यालयात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. मृदाशास्त्र शिकवता शिकवता त्यांची पंचावन्नी उलटली होती. उजवा गुडघा कामातून गेला होता. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, आणि नवऱ्याला लग्नाला इतकी वर्षं होऊनही मिक्सरचं भांडं कुठल्या कपाटात असतं ते ठाऊक नव्हतं. पॅरिसच्या विमानतळावर पाय ठेवल्या ठेवल्या पहिला फोन आला तो त्यांचा, आणि तो भांड्याचाच होता.

"खालच्या कपाटात, डाव्या हाताला," मॅडम म्हणाल्या आणि दौऱ्यावरच्या पाचही विद्यार्थ्यांना बसमध्ये कोंबून स्वतः शेवटी चढल्या.

दौरा होता शहरातली शेती बघायचा. लागोपाठच्या उन्हाळ्यांनी युरोपातला गहू करपून गेला, तेव्हापासून फ्रान्सच्या शहरांनी आपापल्या गच्च्या, तळघरं, बंद पडलेली पार्किंगं शेतीला देऊन टाकली होती. कुठे कॉफीच्या चोथ्यावर अळंबी, कुठे रेल्वेच्या जुन्या यार्डात पालेभाजी, तर कुठे शाळेच्या गच्चीवर कोंबड्या. पोरं सगळीकडे फोटो काढत हिंडायची आणि मॅडम सगळीकडे टेकायला जागा शोधायच्या.

मुक्काम पॅरिसच्या पूर्वेला लागून असलेल्या मोंत्रय गावात होता. तिथली सहा मजली इमारत हाच खरा अभ्यासाचा विषय होता आणि त्यातल्याच खोल्यांमध्ये त्यांना महिनाभर राहायचं होतं. इमारतीची शेती सांभाळणारी सोलेन ही चाळिशीतली, उन्हाने रापलेली बाई. तिने पहिल्याच सकाळी सगळ्यांना गच्चीवर नेऊन समजावून सांगितलं.

पिकाला हवं ते जवळजवळ सगळं माणसाच्या लघवीत असतं. शरीर जे नत्र बाहेर टाकतं, त्यातलं बहुतेक त्याच वाटेने जातं, आणि स्फुरदही बरंचसं. आपण ते गटारात सोडतो, नदी नासवतो आणि मग कारखान्यात हवेतून काढलेलं तेच नत्र पोत्यात भरून विकत आणतो. या इमारतीत संडासाचं भांडंच दोन कप्प्यांचं होतं. पुढच्या कप्प्यातलं वेगळ्या नळीने तळघरात जायचं, तिथे जिवाणू त्याचं खत करायचे आणि ते गच्चीवरच्या वाफ्यांना मिळायचं. इथवर मॅडमना नवं काही नव्हतं. नवं होतं ते प्रत्येक खोलीच्या नळीत बसवलेलं बोटभर लांबीचं यंत्र. ते जाता जाता वाचायचं: सोडियम किती, पोटॅशियम किती, आयोडीन पुरेसं आहे का, कुठे प्रथिनं गळतायत का. त्यावरून वरचा संगणक त्या खोलीच्या वाफ्याचा काढणीआधीच्या शेवटच्या आठवड्यातला खुराक बदलायचा. पाण्यातलं पोटॅशियम तोडलं की पानात ते कमी उतरतं. आयोडीन सोडलं की पान ते उचलतं. म्हणजे ज्या शरीरातून खत आलं, त्याच शरीराला उणं ते भरून आणि जास्त ते वगळून भाजी परत मिळायची. रोज सकाळी दारादारासमोर त्या त्या खोलीचं क्रेट येऊन पडायचं.

"कोण काय खातंय, कुणाचं पोट कसं आहे, नुसत्या चौकशा," पोरांमधला ओजस म्हणाला. "आमची कुपवाडची आत्या अगदी अशीच आहे." त्या दिवसापासून यंत्राचं नाव आत्या पडलं.

आत्या कुणाच्या आजाराचं नाव उच्चारत नसे. पण क्रेट बोलायचंच. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला दिवस गेलेत, हे शेजाऱ्यांना म्हणे तिच्याआधी कळलं होतं. तेव्हापासून इमारतीतले लोक क्रेटवर फडकं टाकून आत नेत आणि दार लावून जेवत. "मी आणि माझा नवरासुद्धा, आपापल्या खोलीत," सोलेन म्हणाली. "त्याने माझ्या ताटातलं खाल्लं तर दोघांचंही वाचन बिघडतं. आता सवय झाली." ती हसून सांगत होती, पण मॅडमना ते ऐकून उगाचच कसंतरी झालं.

पोरांनी हे मनावर घेतलंच नाही. सहा खोल्यांची सहा क्रेटं मजल्यावरच्या स्वयंपाकघरात आणायची, पाला एका पातेल्यात चिरायचा, सुगंधाच्या आईने दिलेला कांदा-लसूण मसाला सढळ हाताने घालायचा आणि फरशीवर अंगतपंगत करून बसायचं. मॅडम वाढायच्या आणि सगळ्यांचं झालं की पातेल्याच्या तळाशी उरेल ते घ्यायच्या. तुम्ही पण बसा, असं पोरं पहिल्या दिवशी म्हणाली. मॅडमनी "तुम्ही घ्या आधी" म्हटलं आणि तो विषय संपला.

दुसरी गोष्ट मात्र सोलेनपासून लपवण्यासारखी होती. इमारतीतल्या संडासांत पाण्याची सोय नव्हती, नुसता कागद. पाणी ओतायला तर सक्त मनाई होती, कारण त्याने वाचन पातळ होतं. अपवाद फक्त नऊ नंबरच्या खोलीचा. मॅडमच्या गुडघ्यासाठी त्यांना अपंगांसाठीची ती खोली दिली होती आणि तिथे भांड्याशेजारीच हाताला येईल असा नळ होता. मॅडमनी घरून आणलेला लाल प्लास्टिकचा मग त्या नळाखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी किमया दारात येऊन चुळबुळत उभी राहिली. "मॅडम, जरा तुमची बाथरूम...? कागदाने काही होत नाही हो." तिसऱ्या दिवशी नाझनीन आली, मग सुगंधा आणि शेवटी दोघं मुलगे, माना खाली घालून. आठवडा उलटायच्या आत बाकीच्या पाच खोल्यांचे संडास कोरडे पडले आणि आत्या एकट्या मॅडमच्या नावावर सहा माणसं वाचू लागली. वाचन नसलेल्या खोलीला संगणक सरासरीची भाजी पाठवायचा, म्हणून कुणाला संशय आला नाही.

"तुम्ही पाणी फार पिता," सोलेन एकदा कौतुकाने म्हणाली.

"उन्हाळी प्रदेशातले ना आम्ही," मॅडम म्हणाल्या. एवढं खोटं बोलूनही त्यांचे कान तापले.

सगळ्यांत रमली ती सुगंधा वाघमोडे, आटपाडीकडची. मोंत्रयमध्ये पीचची जुनी कुंपणं आहेत, दगडाच्या आणि चुन्यासारख्या गिलाव्याच्या पुरुषभर उंच भिंती. त्या दिवसभर ऊन पितात आणि थंडी पडली की झाडाला परत देतात. भिंतीला चिकटून पीचची झाडं पंख्यासारखी पसरवायची आणि जुन्या कापडाच्या चिंध्यांनी फांदी न् फांदी खिळ्याला बांधायची, ही तिथली रीत. सुगंधाचा हात त्यात असा बसला, की सोलेनने तिला दोन वर्षांसाठी ठेवून घ्यायचं ठरवलं. राहणं, शिकणं, विद्यावेतन, सगळं. सुगंधा त्या दिवशी स्वयंपाकघरात नाचली होती. "परत गेले असते तर दिवाळीआधी उभं केलं असतं मला पावण्यांपुढं," ती म्हणाली. "आता दोन वरसं सुटले!"

तिचे गाल त्या दिवसांत चांगले भरले होते. फ्रान्सचं लोणी अंगी लागलंय म्हणून पोरी तिला चिडवायच्या आणि मॅडमही हसायच्या.

मग एका सकाळी सोलेन नऊ नंबरच्या दारात आली. रोजच्यासारखी क्रेट ठेवून गेली नाही, आत येऊन बसली.

"तुमच्या वाचनात प्रथिनं दिसतायत," ती म्हणाली. "मूत्रपिंडाची चाळण फाटली की ती अशी गळतात. थोडी असती तर बोलले नसते. पण बरेच दिवस आहेत. विचित्र म्हणजे कधी भरपूर, कधी अजिबात नाहीत. असा माणूस आमच्या यंत्राने अजून पाहिला नाही. तुम्ही डॉक्टरांना भेटा."

मॅडमनी क्रेटकडे पाहिलं. पाला फिकट होता. त्यातलं पोटॅशियम तोडलेलं असणार.

मग सांगायला हवं होतं, की बाई गं, त्या नळीत मी एकटी नाही. पण त्यासाठी त्या लाल मगापासून सुरुवात करावी लागली असती. आणि खरं सांगायचं तर त्यांना सांगायचंच नव्हतं. संध्याकाळी पाय सुजतात ते माझेच ना? सकाळी उठताना अंगात त्राण नसतं ते माझ्याच ना? किती वर्षं झाली याला. मनात आलेला पहिला विचार ऐकून त्यांची त्यांनाच लाज वाटली: चला, कारण मिळालं. आता आजारी आहे म्हटलं की कुणी फाईल आणून ठेवणार नाही. घरी सासऱ्यांना बघायला बाई लावावी लागेल आणि भांडी ज्याची त्याने शोधावी लागतील. आजारी माणसाला झोपायची परवानगी असते. त्या दिवशी दुपारी, दौरा सोडून, त्या खरोखरच तासभर झोपल्या.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने रक्त घेतलं, लघवी घेतली, पोटावरून यंत्र फिरवलं. दोन दिवसांनी हसतमुखाने म्हणाला, "अभिनंदन. तुमची मूत्रपिंडं तुमच्यापेक्षा तरुण आहेत."

"पण मला थकवा येतो," मॅडम म्हणाल्या.

"सगळं नॉर्मल आहे, मादाम. थोडा आराम करा."

बाहेर पडून त्या बसथांब्यावर बसल्या आणि त्यांना रडूच आलं. चांगली बातमी ऐकून रडणारी बाई बघून शेजारची म्हातारी रुमाल पुढे करायला लागली. आपल्याला काहीही झालेलं नाही, म्हणजे आपण नुसत्याच दमलेल्या आहोत, आणि नुसतं दमलेल्या माणसाला कुणी काही देत नाही. डोळे पुसता पुसता मग दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि रडणं जागच्या जागी थांबलं. आपण नाही, तर पाचातलं कुणीतरी.

दुसऱ्या दिवशी काम पीचच्या भिंतींपाशी होतं. कोवळ्या फळांना कागदी पिशव्या चढवायच्या होत्या. मॅडमनी सगळ्यांना भिंतीच्या सावलीत बसवलं आणि आत्याने काय वाचलं ते सरळ सांगून टाकलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकीकडेच वळल्या.

"सकाळी डोळे उघडत नव्हते हिचे," नाझनीन हलक्या आवाजात म्हणाली. "आम्ही चिडवलं."

"लोणी म्हटलं," किमया म्हणाली आणि तिचा चेहरा पडला.

"काय बी काय!" सुगंधा उसळली. "थंडीनं सुजलं आसंल."

"बूट काढ," मॅडम म्हणाल्या.

सुगंधाने बूट काढला. लेस किती सैल केली होती, ते तेव्हा दिसलं. मॅडम गुडघ्याला हाताचा आधार देत खाली वाकल्या आणि तिच्या घोट्यावर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. ओल्या चिकणमातीत राहावा तसा. सगळे त्या खड्ड्याकडे बघत बसले. तो भरून यायला फार वेळ लागला.

आता सुगंधाचा आवाज बदलला. "मॅडम, सोलेनबाईंनी काल सांगितलंय. माझा इमा उतरवायचाय, त्या कंपनीला माझ्या खोलीचं वाचन लागतंय. माझ्या खोलीत तर काहीच न्हाई. आजार दिसला तर जागा जाणार."

"मी तिच्या खोलीत जाते," नाझनीन पटकन म्हणाली. "मला काही नाही झालेलं. थोडे दिवस कागदाने भागवू. यंत्राला काय कळणारेय?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. पोरांना ते एकदम सोपं वाटलं. एकाचं पाच जणांनी मिळून निभवायचं, पातेल्यासारखंच.

"आणि नऊ नंबरचं?" मॅडमनी विचारलं.

सुगंधाने त्यांचा हात धरला. "ते तुमच्याच नावावर राहू द्या मॅडम. तुम्हाला कोण काय म्हणणार? तुम्ही तर जाणारच हाय परत. तुम्ही फक्त गप बसा."

गप्प बसणं. सगळ्या जगात हेमलता कुंभोजकरांना कुठली एक गोष्ट उत्तम जमत असेल तर ती हीच. सासूबाई बोलल्या तेव्हा त्या गप्प बसल्या होत्या, बढती दुसऱ्याला गेली तेव्हाही. आता तर नुसतं बसायचं होतं आणि त्याबद्दल पाच पोरं जन्मभर नाव काढणार होती.

"औषध कधी घेशील?" त्यांनी विचारलं.

"सुट्टीला गावी आले की."

"सुट्टी कधी?"

सुगंधाने बुटाची लेस आवळायला घेतली. दोन वर्षांत सुट्टी नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"तोवर ती मूत्रपिंडं थांबणारेत का तुझ्यासाठी?"

"माझी हाईत ना? मग माझं मी बघीन!" सुगंधा ओरडली. "तुम्हाला काय जातंय? तुम्हाला कशाचं सोयरसुतक असतंय का कवा? वाढायचं, उरलेलं खायचं नि झोपायचं!"

हे लागलं. मॅडमना वाटलं, खरंच की, सोडून द्यावं. पोरगी सज्ञान आहे. पण अंगठ्याला तो घोटा अजून लागत होता. भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला सोलेन शिडीवर उभी राहून चिंध्या बांधत होती. अंतर काही फार नव्हतं, पण जमीन खडबडीत होती. मॅडम भिंतीला हात लावत लावत निघाल्या. मागून सुगंधा "मॅडम, नको, पाया पडते" म्हणत होती, आणि त्या चालत राहिल्या.

सांगायला सुरुवात त्यांनी मगापासून केली. लाल मग ऐकून सोलेन शिडीवरच हसू लागली, इतकी की तिला उतरावं लागलं. मग पुढचं ऐकून तिने हातातल्या चिंध्या खिशात घातल्या आणि ती सुगंधाकडे बघत राहिली.

आजार लवकर सापडला, असं डॉक्टर म्हणाले. त्याच तरुण डॉक्टरने मोठ्या इस्पितळात पाठवलं, तिथे सुई घालून मूत्रपिंडाचा कणभर तुकडा तपासायला काढला. औषधाने चाळण बरीचशी सावरेल, मीठ बंद, तपासण्या चालू, घाबरायचं कारण नाही. विमा कंपनीने सुगंधाची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला दिली. नियम सोलेनच्या हातातला नव्हता. पुढच्या वर्षी अर्ज कर म्हणाली, पण वचन काही दिलं नाही.

त्या दिवसापासून सुगंधा स्वतःची बाथरूम वापरू लागली. सकाळी दारात फिकट पाल्याचं क्रेट यायचं. ती त्यावर ओढणी टाकून आत न्यायची, दार लावून एकटी जेवायची आणि मॅडम समोर आल्या की मान फिरवायची. महिनाभरात ती त्या इमारतीतली पक्की रहिवासी झाली होती. बाकीचे चौघं स्वयंपाकघरात बसायचे, पण पंगतीत गप्पा नसायच्या. मॅडमशी कुणी वाईट वागलं नाही. नुसतं कामापुरतं बोलायचे. आपण बरोबर केलं, हे मॅडमना माहीत होतं. त्याने घास गिळायला काही मदत होत नव्हती.

निघायच्या दिवशी दुपारी त्यांनी शेवटचा स्वयंपाक केला. मसाल्याची बरणी किमयाने पुढे केली, त्यांनी ती बाजूला ठेवली. मीठही घातलं नाही. नुसता लसूण, मिरी आणि उरलेलं लिंबू. पोरांनी ते पाहिलं. फोन वाजला. गॅसचा नंबर कुठे लिहिलाय, असं घरून विचारत होते. "माहीत नाही," मॅडम म्हणाल्या आणि फोन पालथा ठेवला.

भाजी होत आली तेव्हा दारात सुगंधा उभी होती. हातात क्रेट, वर ओढणी. ती तशीच ओट्यापाशी आली, तिने ओढणी काढून खांद्यावर टाकली आणि आपला फिकट पाला पातेल्यात उपडा केला. वाफेत वाकून तिने वास घेतला, चमच्याने थेंबभर तळहातावर घेऊन चाटलं.

"मीठ इसरलाय," ती म्हणाली.

"विसरले नाही."

सुगंधा बराच वेळ पातेल्यात ढवळत राहिली. मान वर केली नाही. "राग गेला न्हाई माझा," ती म्हणाली. "सांगून ठेवते."

"जाऊ देऊ नको," मॅडम म्हणाल्या. "राहू दे."

पोरं फरशीवर बसली, ताटल्या मांडल्या. मॅडमनी नेहमीसारखा पळा हातात घेतला आणि वाकायच्या आधी गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबल्या. सुगंधाने ते पाहिलं. तिने पळा त्यांच्या हातातून काढून घेतला.

"बसा," ती म्हणाली. "मी वाढते. दमलाय तुम्ही."

डॉक्टरच्या सुया, गच्चीवरचा संगणक आणि ती चौकस आत्या, यांपैकी कुणालाच हे वाचता आलं नव्हतं. "हो," मॅडम म्हणाल्या. "फार दमलेय गं."

नाझनीन सरकली, किमयाने ताटली पुढे ओढली. मॅडम भिंतीला पाठ लावून पंगतीत बसल्या. पहिलं वाढणं त्यांच्याच ताटात पडलं. भाजी अगदी अळणी होती. त्यांनी घास घेतला आणि सगळ्यांच्या आधी जेवायला सुरुवात केली.